राहते दिसणारे घर

मला, माझ्या पत्नीला आणि तिच्या शिलाई मशीनला या शहरात तीन वर्षांकरिता विनामूल्य घर कसे प्राप्त झाले, आणि त्या घरात आम्ही कसे राहिलो नाही, याचा वृत्तान्त मी येथे क्रमवार सादर करीत आहे. मी व्यवसायाने पुस्तके बांधणारा बाइंडर आहे. शिक्षण आठवीपर्यंत झाले. उर्वरित भाषा बांधणीस आलेल्या पानांतून मिळविली. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमची खोली घरमालकिणीच्या पुतण्यास हवी होती, म्हणून ती महिनाअखेर सोडणे भाग होते. शहरातील भाडी ऐकून आम्ही परतच फिरत होतो. अशा समयी पत्नीने वर्तमानपत्रातील एका जाहिरातीवर बोट ठेवले. दीर्घकाळ बाहेरगावी जाणाऱ्यांच्या घरात राहून घर राखण्यासाठी निर्व्यसनी दाम्पत्य हवे होते.

"अहो, भाडं नाही म्हणे."

"काहीतरी गोम असणार."

"असू दे की. डोक्यावर छप्पर तर आहे!"

गृहरक्षण कार्यालयातील निरीक्षकबाईंनी त्रेचाळीस कलमांचा करार पुढे सरकवला. कलम चार असे होते की, घर बाहेरून राहते दिसले पाहिजे, जेणेकरून चोर फिरकणार नाहीत. कलम अकरा असे होते की, घरात कोणी राहिल्याचे आतून दिसता कामा नये, जेणेकरून मालक नाराज होणार नाहीत.

मी नम्रपणे विचारले, "बाई, मग आम्ही राहायचं कुठं?"

"या दोन्ही कलमांच्या मधे," बाई म्हणाल्या. "सही इथं करा. तीन ठपके पडले की त्याच दिवशी बाहेर. शिवाय काळ्या यादीत नाव, म्हणजे शहरात दुसरं घर मिळणार नाही."

घर तिसऱ्या मजल्यावर होते. मालक निवृत्त अभियंता असून तीन वर्षांसाठी मुलीकडे गेले होते. सोफ्यावर, घर घेतल्यापासून अकरा वर्षांत एकदाही न काढलेले, पारदर्शक प्लास्टिक होते. टीव्हीचा रिमोट पिशवीत होता, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत होती. काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे बारा कप होते. या सर्वांचे छायाचित्र रोज सकाळी आठ वाजता कार्यालयास पाठवावयाचे होते.

पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला.

"सोफ्याच्या प्लास्टिकला खळगा दिसतोय."

"बाई, मी नुसता टेकलो होतो."

"टेकणं बसण्यातच धरतात. ठपका एक."

दुसरा ठपका स्नानगृह ओले आढळल्याचा होता. त्या दिवसापासून पत्नी अंघोळीसाठी भावाकडे जाऊ लागली.

"वहिनी काय म्हणाली माहितीये? तीन खोल्यांचं घर मिळालं आणि अंघोळीला इथं?" केस पुसत पत्नी म्हणाली. "मी म्हटलं, घर मोठं आहे ना, म्हणून."

आता एकच ठपका शिल्लक असल्याने आम्ही चूल पेटविणे सोडले. पाव आणि केळी जिन्यात उभ्याने खाऊ लागलो. झोपण्यासाठी स्वयंपाकघराच्या गॅलरीत स्वतःची चटई टाकत असू. शिलाई मशीन चादरीत गुंडाळून ठेवले होते, कारण दोऱ्याचा एक तुकडासुद्धा कलम अकराचा भंग ठरला असता.

तथापि कलम चारही पाळणे होते. घरातून माणसांचे आवाज येत नाहीत, असा शेरा आला. मी विचारले, "बाई, आवाज कसले हवेत? भांडण चालेल?"

"उत्तम! भांडणानं घर जास्त राहतं वाटतं."

तेव्हा आम्ही रोज सायंकाळी साडेसहाला दिवाणखान्याच्या उंबरठ्यावर उभे राहून भांडू लागलो. पहिले आठ दिवस भांडण खोटे होते.

सातव्या महिन्यात दारावरची घंटा वाजली. बाहेर बॅग घेऊन साक्षात मालक उभे होते.

"जावयाशी पटलं नाही," ते म्हणाले.

आमच्या पायांखालची जमीन, जी तशीही आमची नव्हती, सरकली. पत्नीने चटईची गुंडाळी काखेत घेतली. परंतु मालक आत येईनात. बूट हातात धरून ते दारातूनच सोफा, कपाट, चकचकीत फरशी न्याहाळत राहिले.

"काय सुरेख ठेवलंय हो! मी असतानासुद्धा इतकं नव्हतं."

"बसा ना, साहेब."

"नको, नको. प्लास्टिकला खळगा पडेल."

त्यांनी कार्यालयास फोन लावला. निरीक्षकबाईंचे उत्तर आम्हालाही ऐकू आले. "तीन वर्षं वापर कोणालाही मना आहे, साहेब. 'कोणालाही' यात मालक आले. कलम अकरा तर तुम्हीच घालायला लावलंत!"

मालकांची मान अभिमानाने किंचित ताठ झाली. त्यांनी दोन दिवस आमच्या चटईवर काढले. तिसऱ्या दिवशी जिन्यात केळे सोलता सोलता त्यांनी हळूच विचारले, "तुमची ती जुनी खोली रिकामी आहे का हो?"

रिकामी होती, पुतण्या आलाच नव्हता. मालक तिथे राहावयास गेले.

एका रविवारी आम्ही त्यांची विचारपूस करण्यास गेलो. ते आमच्या जुन्या बाजेवर भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसले होते. हातात कान तुटलेला कप होता. चहा जमिनीवर सांडला होता आणि तो ते पायाच्या अंगठ्याने पुसत होते.

"या, या, बसा!"

"कुठं?" मी सवयीने विचारले.

"अहो, कुठंही!"

पत्नी मटकन जमिनीवर बसली आणि तासभर उठलीच नाही. अखेरीस तिने खाली मान घालून विचारले, "काका, ही खोली आम्हाला परत द्याल का?"

"छे गं पोरी," मालक कळवळून म्हणाले. "अकरा वर्षांनी मला घर मिळालंय."

आमच्या कराराची दोन वर्षे पाच महिने बाकी आहेत. आजचे भांडण उरकून मी हे जिन्यात बसून लिहीत आहे.

वाचकांपैकी कोणास आमचे हसू आले असल्यास त्यांनी क्षणभर आपल्या काचेच्या कपाटाकडे पाहावे. त्यातील चांगल्या कपातून आपण स्वतः चहा कधी प्यालो, हे आठवावे. रिमोटच्या पिशवीस हात लावून पाहावा. आणि मग मला अवश्य कळवावे की, हे घर राखण्याचे काम आपणांस कोणत्या कार्यालयाने दिले, आणि त्याची मुदत केव्हा संपते. आमची निदान ठाऊक आहे.

सोफ्यावर न टेकता इथवर वाचलेत, त्याबद्दल आभारी आहे.

आपला नम्र,
बाइंडर
तिसरा मजला, पायपुसण्याच्या अलीकडे