पत्ता कट

आमच्या कार्यालयात प्रत्येक संगणकाला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता असतो आणि एका पत्त्यावर दोघांनी नांदू नये असा कडक नियम आहे. माणसांच्या बाबतीत एवढी काळजी कोणी घेतलेली नाही.

सोमवारी आवकबाईंच्या संगणकाचं नेटवर्क तुटलं आणि पडद्यावर सूचना झळकली: ‘हा पत्ता इतरत्र वापरात आहे.’ आवकबाई म्हणजे येणारं टपाल नोंदवणाऱ्या. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि रजेचा अर्ज त्याच संगणकावरून जायचा होता.

नेटवर्कवाला धावत आला. धावत म्हणजे चहा संपवून. त्याने नव्या सॉफ्टवेअरने साहेबांच्या एका संगणकाच्या पोटात चार आभासी संगणक बसवले होते. पत्ते वाटताना एक कमी पडला, तेव्हा त्याने बाईंचा देऊन टाकला.

“अहो, पण मी इथे जिवंत बसलेय ना!” बाई कडाडल्या.

“ते मला दिसतंय हो बाई. सिस्टीमला दिसायला पाहिजे.”

प्रकरण समितीपुढे गेलं. उभय पक्षांना सुनावणीस बोलावलं. बाई वेळेवर आल्या, आभासी संगणक काही आला नाही. आम्हाला वाटलं, बाईंनी बाजी मारली. पण निकाल लागला तो असा: सुनावणीच्या वेळी बाई आपल्या जागेवर आढळल्या नाहीत, प्रतिपक्ष मात्र जागचा हलला नाही. सबब, पत्ता त्याचा.

“मग माझ्या रजेचं काय, साहेब? पोरगी वाट बघतेय हो.”

साहेब विरघळले. माणूस वाईट नाही. त्यांनी स्वतः त्या आभासी संगणकावरून अर्ज भरला आणि हातासरशी मंजूरही केला.

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला: सदर पत्त्याच्या धारकास कन्येच्या बाळंतपणासाठी रजा मंजूर. त्यानुसार आभासी संगणक सन्मानपूर्वक बंद करण्यात आला. पत्ता मोकळा झाला, बाईंचा संगणक सुरू झाला. बाईंनी घाईघाईने स्वतःचा अर्ज टाकला. उत्तर आलं, ‘आपण आधीच रजेवर आहात. रजेवरील धारकाचे काम आवकबाईंनी पाहावे.’

संध्याकाळी लेकीचा फोन आला. “आई, निघालीस ना गं?”

फोन कानाशी धरूनच बाईंनी पुढचं पाकीट नोंदवलं. त्यांच्यापुढे टपालाचा ढीग होता. आम्ही सगळे मान खाली घालून आपापल्या कामाला लागलो, कारण आमचं नेटवर्क झकास चालू होतं. तुम्हीही इथवर हसत आलात, म्हणजे तुमचंही चालूच असणार.