केसोबांचा मागचा डावा पाय

एका जंगलात मोर आरोग्यमंत्री होता. मोरच का, असं विचारू नका, बाळांनो. पिसारा कुणाचा मोठा, ते बघूनच तिथे खाती वाटली होती.

त्याच जंगलात केसोबा नावाचं एक म्हातारं अस्वल राहायचं. केसोबांनी जन्मभर मध खाल्ला आणि त्यांना मधुमेह झाला. मग एकदा त्यांच्या मागच्या डाव्या पायात बाभळीचा काटा मोडला. केसोबांना कळलंच नाही, कारण साखर वाढून वाढून त्यांचे पाय बधिर झाले होते. ते जखम घेऊनच सगळीकडे हिंडत राहिले.

जखम पाहिली ती साळू सिस्टरने. साळू म्हणजे साळिंदर, जंगलातली एकुलती एक नर्स. सुया सरकारला पुरवाव्या लागत नाहीत, म्हणून तर तिची नेमणूक झाली होती! ती रोज केसोबांचा पाय धुवायची, पट्टी बांधायची आणि मग त्यांना मनसोक्त रागवायची.

"पाय वाचेल ना गं, सिस्टर?"

"रोज पट्टी झाली आणि जिभेवर ताबा राहिला, तर वाचेल."

"वाचू दे बाई. टेकडीपलीकडे लेकीला मुलगी झालीय. अजून तोंड पाहिलं नाही मी तिचं."

जखम भरत आली. केसोबा टेकडीकडे बघू लागले. आणि नेमकी तेव्हाच सरकारला मधुमेहाची काळजी वाटू लागली.

मोराने 'मधुमेहमुक्त जंगल' अभियान काढलं. अभियानाला एक रुग्ण हवा, म्हणून केसोबांना 'मधुमेहदूत' नेमलं. स्वागताला कुणीतरी हवं, म्हणून साळू सिस्टरला रांगोळी काढायला बसवलं.

"साहेब, केसोबांची पट्टी राहिलीय," साळू म्हणाली.

"सिस्टर, एका पायाचं काय घेऊन बसलात?" मोर म्हणाला. "आपण अख्ख्या जंगलाचे पाय वाचवणार आहोत!"

जनजागृतीची फेरी निघाली. पुढे केसोबा, लंगडत. त्यांच्या गळ्यात फलक होता, 'पायांना विश्रांती द्या'. प्रत्येक झाडाखाली त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि पेढा. जंगलात पेढे कुठून आले, तेही विचारू नका. सरकारी कार्यक्रम असला की ते उगवतात.

"अहो, नको म्हणा!" साळू ओरडली.

"असं कसं म्हणू गं?" केसोबा भरल्या तोंडाने म्हणाले. "मंडळी प्रेमाने भरवतायत. वाईट दिसतं."

साळू पट्टी आणायला धावली, तर दवाखान्यातलं सगळं कापड फलकांना गेलेलं. मग तिने केसोबांच्या गळ्यातला फलकच टराटरा फाडला आणि पायाला बांधायला घेतला.

मोराचा पिसारा थरथरला. "सरकारी मालमत्ता फाडता?" तो किंचाळला. साळूला तिथल्या तिथे निलंबित केलं. फलकाचे तुकडे जोडून फेरी पुढे गेली. फेरी फार यशस्वी झाली, कारण ती संपतच नव्हती.

ती संपली तेव्हा केसोबांचा पाय काळा पडला होता. हत्ती डॉक्टरांनी तो बघितला आणि मान हलवली. पाय कापावा लागला. साळू दवाखान्याच्या मागे जाऊन हमसून हमसून रडली. निलंबित असल्यामुळे तिला रडायला वेळ होता.

दुसऱ्याच दिवशी मोराने सभा बोलावली.

"मला सांगायला आनंद होतो," तो म्हणाला, "की मधुमेहदूत केसोबांच्या पायावरची जखम आता समूळ गेलेली आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोर पेढा घेऊन केसोबांजवळ आला. मध्येच साळू आडवी आली, अंगावरचे सगळे काटे ताठ करून.

"केसोबा, आता तरी! तीन उरलेत!"

केसोबांनी पायाच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. टेकडीकडे बघितलं. डोळे भरून आले त्यांचे. मग त्यांनी आ केला.

"मंत्री स्वतः आलेत, सिस्टर," ते म्हणाले. "नाही म्हटलं तर वाईट दिसतं."

तात्पर्य: जखम भरायला वेळ लागतो, पाय कापला की ती लगेच जाते, म्हणून अभियान हेच खरं औषध. मात्र बाळांनो, केसोबांना चार पाय होते. तुम्हाला दोनच आहेत, तेव्हा सत्कार जरा बेतानेच घ्या.