सरकार काय म्हणाले

नथू वस्ताद कोणत्याही दारातून सरळ आत येत नसत. चौकटीला पाठ लावून आडवे सरकत, आधी डावीकडे बघत, मग उजवीकडे, आणि मगच राम राम घालत. "वार दारमाच व्हस, मास्तर," असं त्यांनी मला बजावलं होतं. ब्राह्मणपुरीत त्यांच्यावर दारात एकदाच हल्ला झाल्याचं लोक सांगत, आणि तो पाटलांच्या शेळीने केला होता.

मी तिथल्या शाळेवर बदलून आलो तेव्हा गावची पोरं वस्तादांकडे लाठी आणि दांडपट्टा शिकत. वस्ताद स्वतः बडोद्याकडे शिकले होते. त्यांचे गुरू कधी एक असत, कधी तीन.

हनुमान जयंतीला पारासमोर त्यांचा खेळ होई. शेवटी त्यांची बायको, सजनमावशी, तळहातावर लिंबू घेऊन उभी राही आणि वस्ताद पट्ट्याच्या लवलवत्या पात्याने तेवढं लिंबू कापत. पण त्याआधी चरित्र सांगणं आलंच. बडोदा, गुरू, मग कोणा संस्थानिकाचा दरबार. "सरकार समोर बसेल व्हतात. मी पट्टा काढा. तव्हय सरकार माले म्हणनात..."

इथे वस्तादांचा आवाज टिपेला जाई. मावशी प्रसादाला हात पुढे केल्यासारखी उभी असे. बायकांच्या घोळक्याकडे बघत ती म्हणे, "आटपा आते. मन्ही भाकर करपी जाई."

लोक हसत, पट्टा सपकन खाली येई आणि लिंबाची दोन भकलं पडत. सरकार काय म्हणाले, ते दर वर्षी राहूनच जाई.

मी एकदा वस्तादांना त्यांच्या घरी विचारलं. "ती भरी सभामा सांगानी गोट शे," ते म्हणाले आणि आडवे सरकत बाहेर गेले.

मावशी आत ताक घुसळत होती. "मास्तर, सरकार काहीच बोलनात नहीत," ती म्हणाली. "त्यास्नं ध्यान पानना डबामा व्हतं. लगीन व्हयनं त्या साले यास्नीच माले सांगं. कोनले बोलू नका."

मावशी गेली त्या वर्षी खेळ होणार नाही असं वाटलं होतं. पण तालुक्याचे एक पुढारी पाहुणे म्हणून ठरले होते, आणि पुढाऱ्यांना काहीतरी दाखवावं लागतं. वस्तादांनी लिंबू चौरंगावर ठेवलं आणि चरित्र सुरू केलं. बडोदा झालं, गुरू झाले, दरबार आला.

"तव्हय सरकार माले म्हणनात..."

आणि वस्ताद थांबले. कोणी हसलं नाही. पुढाऱ्यांनी गळ्यातले हार बाजूला सारून विचारलं, "काय म्हणाले?"

वस्तादांनी बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं.

"वस्ताद, आटपा आते," मी खुर्चीवरून म्हणालो. "भाकर करपी जाई."

लोक हसले. वस्ताद हसले नाहीत. चौरंगावरचं लिंबू उचलून ते माझ्यासमोर आले. "मंग धरा."

याचा विचार मी केला नव्हता. मला उठून हात पुढे करावा लागला.

"तिनी तुमले सांगं वाटस," ते हळूच म्हणाले.

"काय?" मी विचारलं.

मग त्यांनी माझं कोपर सरळ केलं.

"हात हालू देऊ नका. आन् मन्हाकडे बघू नका," ते म्हणाले. "ती बी कधी बघे नही."