अर्ध्यावर थांबलेली डोलकाठी

"हे बघ, बाबांना आजच्या आज खरं काय ते सांग, नाहीतर मी सांगते," बायको गाडीतून उतरता उतरता म्हणाली.

"डोलकाठी उतरवून झाली की सांगतो," कप्तान म्हणाला.

"पण तुला उतरवता येते का?"

"अगं, तेच तर सांगायचंय ना त्यांना!"

कप्तान हे त्याचं सासरचं नाव. एरवी त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि पाण्याशी त्याचा संबंध काचा धुण्यापुरताच यायचा. पण लग्न ठरवायला गेला तेव्हा सासऱ्यांच्या दिवाणखान्यात शिडाच्या होडीचा भलामोठा फोटो दिसला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी कॉलेजात असताना होड्याच चालवायचो." वास्तविक तो जन्मात एकदाच अशा होडीत बसला होता आणि किनारा येईपर्यंत ओकत होता. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. ते ऐकून इतके हरखले की चहा येण्याआधीच त्यांनी मुलगी देऊन टाकली. तेव्हापासून गल्लीभर त्यांनी 'आमचे कप्तान, आमचे कप्तान' चालवलं होतं. आता खरं कळलं तर त्यांना चारचौघांत खाली बघावं लागणार, आणि कप्तानाला ते मनापासून आवडत होते, हीच तर पंचाईत होती.

तळ्याकाठी सासऱ्यांची होडी चाकांच्या गाड्यावर उभी होती. ती शेडमध्ये ढकलायची होती, शेडचं दार ठेंगणं, म्हणून डोलकाठी उतरवणं आलं. दरवर्षी हे काम एक नावाडी करायचा. यंदा तो लेकीकडे गेला होता. "घरात जाणकार असताना बाहेरचा माणूस कशाला?" असं म्हणून सासऱ्यांनी विषय संपवला होता.

कप्तानाने मोबाईलवर बघून पाठ केलं होतं. काठीच्या बुडाशी बिजागरी असते. पुढची तार सोडायची, पण त्याआधी तिच्या जागी दोरी बांधायची. एकाने पुढून दोरी सैल करत जायचं, दुसऱ्याने मागे राहून काठी झेलायची. बाजूच्या तारांना हात लावायचा नाही. वर विजेच्या तारा नाहीत ना, ते बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हुकूम एकानेच सोडायचे. घोडं इथेच पेंड खात होतं.

"जावईबापू, तुम्ही सांगा, मी करतो," सासरे म्हणाले.

"छे छे, बाबा, होडी तुमची. तुम्ही सांगा."

"अहो, तुमच्यासमोर मी काय सांगणार?"

"असं कसं? वयाचा मान आहे."

पाच मिनिटं मानपान झाल्यावर सासरे आपण होऊनच मागे जाऊन उभे राहिले. कप्तान पुढे गेला. त्याने दोरी बांधली. मग, सासऱ्यांचं टक्कल बरोबर काठीखाली येतंय हे बघून, आणखी एक दोरी काठीला हात पोचेल तिथून होडीच्या पुढच्या कड्यापर्यंत नेली आणि मध्ये झोळ ठेवून पक्की गाठ मारली. असू दे जास्तीची, म्हणून. मग तारेची पिन काढली. काठी डुलली आणि मागे कलू लागली.

"जावईबापू, आपल्याला जमत असेल तर जरा सावकाश सोडता का?"

"हो बाबा. तुम्हीही, त्रास होणार नसेल तर, थोडं मागे सरता का?"

वाक्य संपेपर्यंत काठी निम्मी खाली आली होती. तिथे ती थांबली. पुढेही जाईना, मागेही येईना.

सासरे दोन्ही हात वर करून काठीला टेकले. कप्तानाने दोरी मुठीत आवळून धरली. दोघांनाही घाम फुटला.

"थांबायचं असतं का इथे?" सासऱ्यांनी विचारलं.

"थांबतात... काही जण."

"किती वेळ?"

"तुमच्याकडे किती वेळ थांबतात?"

झाडाखाली चहा पीत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बघ, किती शांतपणे चाललंय. नावाडी नुसता आरडाओरडा करायचा." शेजारच्या होडीचा मालकही येऊन कौतुकाने बघत उभा राहिला.

इकडे सासरे टाचा उंचावून आणखीच काठीखाली शिरले. ते बघितलं आणि कप्तानाचा धीर सुटला. "बाबा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. होडीत मी एकदाच बसलोय. तेही ओकत."

सासऱ्यांनी काठीआडून मान बाहेर काढली.

"मला माफ करा, बाबा. पण आधी बाजूला व्हा. माझ्या हातून ही... अरेच्चा!"

"आता काय?"

"माझी दोरी तर ढिली आहे."

"काठी मी धरलेली नाही. मला वाटलं, तुम्ही धरलीय."

"मला वाटलं, तुम्ही."

"मग धरलीय कोणी?"

कप्तानाने खाली पाहिलं. जास्तीची दोरी कड्यापासून तारेसारखी ताणली गेली होती.

"गाढवा!" सासरे कडाडले. लग्नानंतर प्रथमच. "आधी हातातली दोरी ताण! धरलीस? आता ती गाठ सोड! हळू! हळू म्हणतोय ना! थांब! आता सोड!"

शाळेतली सगळी वर्षं त्या आवाजात उतरली होती. काठी लोण्यासारखी खाली आली आणि मागच्या लाकडी घोडीवर अलगद टेकली.

"तुम्हाला तर सगळं येतं की, बाबा!"

"कसलं डोंबल! मला फक्त ओरडता येतं." सासरे जवळ आले, कुजबुजले, "नावाडी उतरवायचा, मी चहा आणायचो. मलाही होडी लागते रे. फोटो किनाऱ्यावरच काढलाय. वाटलं, जावई तरी पाण्यात नेईल."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग पोट धरून हसले. कप्तानाला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बायको आणि सासूबाई आल्या. "बाबा, याने सांगितलं का?"

"सगळं सांगितलं," सासरे म्हणाले. "ते आमच्या दोघांत राहील."

"बरं झालं बाई सगळं नीट पार पडलं," सासूबाई म्हणाल्या. "त्या शेजारच्यांना इतकं आवडलं! त्यांचीही उतरवून द्याल का, विचारत होते. मी हो म्हटलंय."

दोघांनी माना वर केल्या. शेजारची काठी दुप्पट उंच होती, आणि तिचा मालक हात जोडून उभा होता.

सासऱ्यांनी घसा साफ केला. "जावईबापू," ते अतिशय अदबीने म्हणाले, "आपण पुढे होता का?"

कप्तान दोन पावलं मागे सरला.

"नको, बाबा," तो काकुळतीने म्हणाला, "गाढवच म्हणा."