खुणेपर्यंतचं पाणी

डिस्टिल्ड पाणी वीस लिटर, एकाच काचेच्या बरणीत. परीक्षार्थी बारा. ब्युरेट पंधरा, त्यातल्या न गळणाऱ्या बारा. पिपेट तेरा, टवका न उडालेल्या नऊ. नळ सात, पाणी येणारा एकही नाही!

पंचाक्षरीनं ही मोजदाद दोनदा केली, वहीत लिहिली आणि खाली सही ठोकली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला त्याच्याइतका काटेकोर विद्यार्थी अख्ख्या उदगिरात नव्हता. हे गावाला ठाऊक होतं, कारण तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

लातूर जिल्हा होऊन तिसरं साल लागलं होतं, आणि त्याच्या मागोमाग दुष्काळही मुक्कामाला आला होता. नव्या जिल्ह्याला नवी ऑफिसं मिळाली, नव्या पाट्या मिळाल्या. पाणी तेवढं राहून गेलं. आता लातूरला पाणी तपासायची प्रयोगशाळा निघणार होती. तिथं सहायकाची एक जागा होती. विभागप्रमुख सरांनी जाहीर केलं, "प्रॅक्टिकलला ज्याचं उत्तर सगळ्यात बरोबर, त्याचं नाव मी लातूरला कळवणार. एकच नाव!"

पंचाक्षरीनं ती नोकरी मनातल्या मनात तेव्हाच पत्करली. टेबल खिडकीशी घ्यायचं की पंख्याखाली, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

अडचण होती ती डिस्टिल्ड पाण्याची. ते करायचं यंत्र एका लिटरसाठी वीस लिटर गार पाणी वाहवायचं, म्हणून दिवाळीपासून बंद. उरलेल्या बरणीवर सगळ्यांचा डोळा! कारकून प्यायला न्यायचे, जीपचा ड्रायव्हर बॅटरीला.

"सर, बरणी माझ्या खोलीवर ठेवतो," पंचाक्षरी छाती काढून म्हणाला. "थेंब कमी झाला तर नावाचा पंचाक्षरी नाही!"

बरणी गोधडीत गुंडाळून, हातगाडीवरून, नव्या नवरीसारखी घरी आली. घरमालकीण कमलम्मा खानावळ चालवायची. पंचाक्षरीनं बरणीला कागदाची पट्टी चिकटवली आणि पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं रेघ मारली.

"अम्मा, ही खूण बघून ठेवा. पाणी हिच्या खाली जाता कामा नये!"

"न्हाई जात, लेकरा. जबान हाय माझी."

पंचाक्षरी निर्धास्त होऊन वाचनालयात अभ्यासाला गेला.

त्या साली उदगिरातलं बोअरचं पाणी इतकं जड होतं की साबणाला फेस यायचा नाही, आणि सकाळी चढवलेली तुरीची डाळ दुपारी गोट्या खेळाव्यात अशी टणक राहायची. त्या दिवशी टँकरही आला नाही. कमलम्मानं बरणीतलं दोन तांबे पाणी घेऊन डाळ चढवली. अर्ध्या तासात डाळीचं लोणी झालं!

शेजारची धोंडाबाई वाटी घेऊन आली ती बघतच राहिली. "कमलम्मा, जादू करून राहिली का काय?"

"माझी न्हाई, पंचाक्षरीच्या पाण्याची!"

संध्याकाळपर्यंत तांब्यांची रांग लागली. पण गल्ली इमानाची. उसनं नेलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिथली रीत. जो तांब्याभर न्यायचा, तो घरच्या बोअरचा तांब्याभर आणून बरणीत ओतायचा. कमलम्मा रेघेला डोळा लावून पहाऱ्यावर!

"आणिक बोटभर घाल गं, धोंडाबाई! जबान दिलीया मी!"

तिसऱ्या दिवशी पाण्याचा गुण उतरला. डाळ पुन्हा नखरे करू लागली. म्हणून लोकांनी एकाऐवजी दोन-दोन तांबे न्यायला सुरुवात केली.

रोज रात्री पंचाक्षरी फूटपट्टी घेऊन पातळी तपासायचा. "केसभरही हलली नाही! अम्मा, तुम्ही माणूस नाही, बँक आहात!"

परीक्षेच्या दिवशी नांदेडहून अण्णाराव सर परीक्षक म्हणून आले. त्यांनी सीलबंद बाटली पुढे ठेवली. "हिच्यातल्या पाण्याचा जडपणा मोजा."

कृती सोपी. बाटलीतलं पाणी पंचवीस मिली, त्यात बरणीतलं डिस्टिल्ड पन्नास मिली, चिमूटभर रंग, आणि वरून ब्युरेटनं ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. लालाचा निळा झाला की थांबायचं; द्रावण जितकं जास्त लागेल तितकं पाणी जड.

पाच मिली. लाल. दहा. लाल. वीस. अजून लाल! पंचाक्षरीचा चेहरा निळा पडू लागला, पाणी काही पडेना. शेवटी चोवीस पॉइंट दोनला ते एकदाचं निळं झालं. हिशोब केला: नऊशे अडुसष्ट!

शेजारच्या टेबलावरची तारामती कुजबुजली, "एवढं जड असतं का रे? नुसतं डिस्टिल्ड घेऊन एक ब्लँक काढू. शून्यच यायला पाहिजे."

"मी राखलेल्या पाण्याचा ब्लँक?" पंचाक्षरी उखडला. "चार दिवस खुणेवरून हललेलं न्हाई ते!"

"हललं न्हाई ते लई चांगलं झालं. आत काय हाय ते बघते मी."

पंचाक्षरीनं पेपरात ठळक अक्षरात लिहिलं: 'ब्लँक शून्य. पाणी स्वतः राखले आहे.' खाली सही ठोकली आणि सगळ्यांच्या आधी पेपर दिला.

दुपारचं जेवण कमलम्माच्या खानावळीतून आलं. वाढायला ती जातीनं हजर. पंचाक्षरी पाण्याचे पेले मांडत होता. अण्णाराव सरांनी तिसऱ्यांदा डाळ घेतली.

"अम्मा, वर्षभरात अशी शिजलेली डाळ खाल्ली न्हाई! पाणी कुठलं हो?"

"या पंचाक्षरीच्या बरणीतलं! तुमच्यासाठी पहिल्याच दिवशी घागरभर काढून ठेवलं हुतं. मग समद्या गल्लीनं नेलं. पण थेंब कमी होऊ दिला न्हाई, साहेब! जितकं काढलं तितकं बोअरचं घातलं."

विभागप्रमुख सरांचा घास हातातच राहिला.

"अम्मा!" पंचाक्षरी किंचाळला. "बोअरचं?"

"मग काय रिकामी ठेवू? खूण हलू देऊ नको म्हणून तूच बोलला की!"

अण्णाराव सर हात धुऊन प्रयोगशाळेत गेले. कृती बरोबर म्हणून त्यांनी बाराही जणांना पास केलं. मग खरं उत्तर लिहिलेला लिफाफा फोडून त्यांनी लातूरला पाठवायच्या नावासाठी पेपर चाळले. तारामतीच्या पेपरात एक जास्तीची ओळ होती: ब्लँक १९.२ मिली, वजा केला.

जडपणा, दर लिटरला मिलिग्रॅम. लिफाफ्यात: २००. तारामती: २००. पंचाक्षरी: ९६८.