तेल्वासाठी गोड सिद्रा

नेलने तळघरात बाटली उघडून घोट घेतला आणि त्याचा चेहराच पडला. आंबट! आठवड्यापूर्वीच तर त्याने प्रत्येक बाटलीत साखर घालून बुचं परत ठोकली होती.

"ओल्विदो, साखर गेली कुठे?" तो खालूनच ओरडला.

"मी नाही खाल्ली!" बायको वरून म्हणाली.

ही सिद्रा, म्हणजे सफरचंदाची आंबवलेली दारू, बाबांच्या हातची शेवटची. त्यांनी सफरचंदं पिळली, पिंप भरलं आणि हिवाळा संपायच्या आत ते गेले. कुठली सफरचंदं किती घ्यायची, हे कुणालाच सांगून गेले नाहीत. म्हणजे परत तशी होणं नाही. आणि आता अर्जेंटिनाहून तेल्वा, त्याची बहीण, येणार होती. अंत्यविधीला तिला पोचता आलं नव्हतं. लहानपणी ही सिद्रा चाखली की ती तोंड वाकडं करायची, चोरून साखर ढवळायची. या वेळी तरी बाबांची सिद्रा तिला गोड लागावी, एवढंच नेलच्या मनात होतं.

त्याने आणखी साखर घातली. सढळ हाताने.

"अरे, त्यात यीस्ट जिवंत आहे," ओल्विदो म्हणाली. "ते साखर खातं आणि गॅस सोडतं. अगदी तुझ्या काकासारखं!"

"आपली सिद्रा कधी फसफसते का? उंचावरून ओतली तरच जरा बुडबुडे येतात," म्हणत नेलने बुचं घट्ट ठोकली.

तेल्वा यायच्या दिवशी सकाळीच तळघरात धमाका झाला. एका बाटलीने शेजारची फोडली, तिने तिच्या शेजारची. नेल मोटारसायकलचं हेल्मेट घालून, छातीशी गादी धरून खाली उतरला. वर आला तेव्हा हातात एकच बाटली उरली होती, आणि अंगणात तेल्वा बॅग घेऊन उभी.

"युद्धबिद्ध सुरू आहे का रे इथे?"

"नाही गं, तुझं स्वागत चाललंय," ओल्विदो म्हणाली.

नेलने बूच जरा सैल केलं, तर ते थेट कौलांवर गेलं. घाबरून त्याने उंचावरून ओतायच्या सवयीने बाटली डोक्यावर धरली. सगळा फेस हेल्मेटवरून शर्टात. दुसऱ्या हाताने खाली धरलेल्या ग्लासात जेमतेम दोन घोट पडले.

तेल्वाने एक घेतला. तिचे डोळे भरून आले. "बाबांचीच आहे. तश्शीच आंबट!"

"पण तुला गोड आवडते ना?"

"अरे, तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते! तिकडे सगळं गोडच मिळतं. विमानात अख्खा वेळ हीच चव आठवत होते मी. अजून आण ना."

नेलने हेल्मेट काढलं. "अजून नाहीये. म्हणजे, होती. मीच माती केली."

"मग हा घोट तुझा," तेल्वा म्हणाली आणि तिने ग्लास पुढे केला.

पण गावातली सवय हाताला होती तशीच होती. इथे सगळ्यांत ग्लास एकच; तो पुढच्याला द्यायचा तर तळातली सिद्रा ओठ लागलेल्या कडेवरून जमिनीवर फेकून आधी ती कड धुवायची. तिच्या हाताने ती फेकलीसुद्धा.

दोघं त्या ओल्या डागाकडे बघत राहिले. बाकाखालचा म्हातारा कुत्रा उठून आला, त्याने डाग चाटला आणि तोंड वाकडं केलं. हुबेहूब लहानपणीच्या तेल्वासारखं.