पिवळी की निळी?

"पिवळी," डॉक्टर म्हणाले.

"निळी," त्यांची बायको म्हणाली आणि पावाला लोणी लावत राहिली.

गेला आठवडाभर त्या घरात नाश्त्याच्या टेबलावर याहून वेगळं बोलणं झालं नव्हतं. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. उभं आयुष्य लोकांच्या तोंडात वाकून बघण्यात गेलेलं, त्यामुळे पाठीला कायमचा बाक आलेला. नुकताच त्यांनी दवाखाना विकला होता. म्हातारपणाची तजवीज बाजूला काढून उरलेल्यात एक गाडी घ्यायची, सोयीची नव्हे, हौसेची, यावर दोघांचं एकमत झालं होतं. आणि तिथेच ते एकमत संपलं होतं.

गावाबाहेर एक शोरूम होतं. उंची गाड्या पहिल्या मालकाला नकोशा झाल्या की तिथे येऊन उभ्या राहायच्या. सध्या तिथे दोन गाड्या होत्या. निळी होती ती ग्रँड टूरर. लांबलचक, गंभीर, आतून एखाद्या जुन्या वाचनालयासारखी शांत. सकाळी निघावं आणि संध्याकाळी दुसऱ्या टोकाला उतरावं, तरी अंगावरची घडी मोडू नये, अशा प्रवासासाठी बनवलेली. दुसरी पिवळीधमक स्पोर्ट्‌स कार. दोनच सीटा, आणि छत इतकं बुटकं की डॉक्टरांच्या बायकोने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "बाकीची कुठेय?" असं विचारलं होतं.

पिवळीचं वेड डॉक्टरांना आजचं नव्हतं. कॉलेजच्या वाटेवर गाड्यांचं एक काचेचं दुकान होतं आणि त्या काचेमागे अशीच एक पिवळी गाडी उभी असायची. डॉक्टर, जे तेव्हा डॉक्टर नव्हते, रोज तिथे थांबायचे. पुढे एक मुलगीही त्यांच्यासोबत थांबू लागली.

"एक दिवस तुला हिच्यातून फिरवीन," ते म्हणायचे.

"आधी सायकलचं पंक्चर काढा," ती म्हणायची.

लग्नानंतर गाडी आली ती तिसऱ्या हाताची, राखाडी, डावं दार दोरीने बांधलेली. मग मुलीची बाबागाडी मावेल अशी आली, मग मुलीची सायकल मावेल अशी, मग आईंची चाकांची खुर्ची मावेल अशी. प्रत्येक गाडी कुणाच्या ना कुणाच्या मापाने घेतलेली. बाबागाडी गेली, सायकल गेली, आईही गेल्या. आता कुणाचंच माप उरलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांना ती काच पुन्हा आठवायला लागली होती.

"पण अहो, मला शेजारीच बसायचंय ना?" बायको म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून, पायाखाली ब्रेक नसताना मी ब्रेक दाबतेय. आता निदान पाय पसरून दाबू द्या."

"चालवून तर बघू दोन्ही."

"बघा. माझं काय जातंय?"

शोरूममध्ये व्यवस्थापक स्वतः पुढे आला. कोट, टाय, कानशिलांवर पांढरे केस. डॉक्टरांना पाहताच मात्र त्याचा हात नकळत गालावर गेला.

डॉक्टरांच्या बायकोने चष्मा सावरला. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत बसून पेशंटना आत सोडायचं काम कित्येक वर्षं तिनेच केलं होतं. "तू तो चावरा ना रे?"

"काकू, हळू," व्यवस्थापक पुटपुटला. मागे त्याची माणसं उभी होती.

डॉक्टरांनी उजवं बोट पुढे केलं. पेरावर एक फिकट वण होता. "दुसरीत होतास. खालची दाढ."

"तुम्ही म्हणाला होतात, जरासुद्धा दुखणार नाही."

"तुझं दुखायच्या आधीच माझं दुखलं!"

ओळख इतकी घट्ट निघाल्यावर चावऱ्याने दोघांसाठी कॉफी मागवली. आधी निळी. डॉक्टर आत बसले, चावऱ्याने एक बटण दाबलं आणि सीट त्यांची पाठ हळूहळू चेपू लागली. गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर पडायच्या आत डॉक्टरांची मान कलली. सुदैवाने चावरा चालवत होता. फेरी संपल्यावर बायकोने मागच्या सीटवरून त्यांच्या खांद्यावर टकटक केली. "कशी वाटली?"

"कंटाळवाणी," डॉक्टर डोळे चोळत म्हणाले. "झोप येते."

"तेच तर म्हणतेय मी."

मग पिवळी. दोनच जणांची जागा, म्हणून बायको शोरूममध्ये थांबली. तिथल्या नियमाप्रमाणे पहिली फेरी चावऱ्याने मारली. डॉक्टर शेजारी बसले, म्हणजे आधी एक पाय घातला, मग कंबर सोडली आणि उरलेलं शरीर आपोआप खाली गेलं. गाडी गुरगुरत फिरून परत आली. डॉक्टरांचा चेहरा विशीतला झाला होता.

"आता तुम्ही चालवा," चावरा म्हणाला आणि उतरला.

डॉक्टर विशीतल्यासारखेच उतरायला गेले. एक पाय बाहेर, एक हात छताला, जोर लावला आणि कंबरेत 'कट्' असा आवाज झाला. चेहरा पुन्हा होता त्या वयाचा झाला.

"अगं आई गं!"

बायको धावत आली. चावऱ्याने आधी सीट मागे सरकवून पाहिली. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि पाठ खाली गेली. डॉक्टर आता गुडघे वर करून, छताकडे बघत, जवळजवळ आडवे पडले होते. चावरा त्यांच्यावर वाकला. वरचा दिवा थेट डॉक्टरांच्या डोळ्यांवर येत होता.

"डॉक्टर, अंग सैल सोडा. जरासुद्धा दुखणार नाही."

"हे वाक्य माझं आहे!" डॉक्टर ओरडले.

चावऱ्याने काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी असा काही आ वासला की त्याने हात झटकन मागे घेतला. उघड्या तोंडाजवळ बोट गेलं की काय होऊ शकतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

एव्हाना शोरूममधली इतर गिऱ्हाइकं जमली होती. एका गृहस्थांनी खाली वाकून आत बघितलं आणि चावऱ्याला विचारलं, "हे गाडीबरोबर येतात का?"

डॉक्टरांच्या बायकोची भाची फिजिओथेरपिस्ट होती, नदीपलीकडे तिचा दवाखाना. तिला फोन लावला.

"मावशी, ओढू नका काकांना!" ती म्हणाली. "आहेत तसेच घेऊन या."

"आहेत तसे म्हणजे गाडीसकट."

"मग गाडीसकट आणा!"

"मी सोडतो," चावरा म्हणाला.

"आणि मी? यांच्या मांडीवर बसू?" तिने हात पुढे केला. "किल्ली दे."

"काकू, ही गाडी फार वांड आहे हो."

"माझ्या वडिलांचा मालट्रक होता. तो सरळ होता असं वाटतं का तुला?"

आता ही गोष्ट चावऱ्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांना माहीत होती, पण तेही विसरल्यातच जमा होते. ती लग्नाआधीपासून गाडी चालवायची. दोरी बांधलेल्या राखाडी गाडीत डॉक्टरांना तिनेच शिकवलं होतं, "क्लच म्हणजे दाढ नव्हे, इतक्या जोरात उपटू नका," असं ओरडत. मग मुलगी झाली, मांडीवर तान्हं पोर घेऊन ती शेजारच्या सीटवर बसली. पोर मांडीवरून उतरलं, ती मात्र तिथेच बसून राहिली. लायसन्स ती मुदत संपेल तसं नवं करून घेत असे. कशासाठी, ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिने सीट पुढे घेतली, आरसा आपल्या नजरेला आणला आणि इंजिन सुरू केलं. चावऱ्याने डॉक्टरांचा निसटलेला बूट आणि काकूंची पर्स उचलली आणि तो निळ्या गाडीत बसून मागे निघाला.

पहिले दोन चौक ती जपून गेली. पुढे रस्ता मोकळा झाला आणि पिवळी एकदम पुढे झेपावली. डॉक्टरांनी पायाखाली ब्रेक दाबला. तिथे ब्रेक नव्हता.

"अगं, हळू!"

"कसं वाटतं आता?" ती म्हणाली.

पुलाच्या अलीकडे एक खड्डा होता. निळीने तो हसत गिळला असता. पिवळीने जसाच्या तसा डॉक्टरांच्या कंबरेत पोचवला. पुन्हा 'कट्' झालं आणि सगळं दुखणं कुणीतरी हाताने उचलून न्यावं तसं गेलं. डॉक्टरांनी पाय हलवून पाहिला. हलत होता. मान वळवून पाहिली. वळली.

"अगं..." ते सांगायला गेले आणि तिच्याकडे बघून थांबले.

खिडकी उघडी होती. पांढऱ्या केसांची बट सुटून कपाळावर आली होती. दोन्ही हात चाकावर, ओठ किंचित मुडपलेले. काचेच्या दुकानासमोर सायकल धरून उभी असायची, अगदी तशी. डॉक्टरांना वाटलं, आत्ता बरं झालो म्हणून सांगितलं तर ही गाडी थांबवेल, आणि किल्ली माझ्या हातात देईल.

"आई गं..." ते कण्हले. "दुखतंय फार."

"सोसा जरा."

नदी ओलांडली. भाचीच्या दवाखान्याचं वळण आलं आणि गेलं.

"वळण गेलं!" डॉक्टर म्हणाले.

"गेलं का? पुढून घेऊ."

पुढे वळण नव्हतंच. पुढे होता तलावाकडे जाणारा जुना वळणावळणाचा रस्ता, दोघांनाही पाठ असलेला. राखाडी गाडीतून ते इथे यायचे. चढावर ती गाडी दम टाकायची, मग डॉक्टर उतरून ढकलायचे आणि ही चाकामागे बसून हसायची. आज पिवळी चढ न दिसल्यासारखी वर गेली. मागे दूरवर एक निळा ठिपका भोंगा वाजवत होता.

तलावाच्या कठड्याशी तिने गाडी थांबवली. पाण्यावर ऊन सांडलं होतं. "पाणी किती भरलंय या वेळी!" ती म्हणाली. डॉक्टर दार उघडून उतरले आणि कठड्याशी जाऊन उभे राहिले.

मग त्यांच्या लक्षात आलं.

"कंबर कधी सुटली?" मागून आवाज आला.

"खड्ड्यात."

"पुलाच्या अलीकडच्या?"

"हो."

"मग तिथून इथवर कशाला कण्हत होतात?"

"आणि तू वळण का चुकवलंस?"

तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं. डॉक्टर एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत उभे होते. मग आधी तिला हसू फुटलं आणि नंतर त्यांना. चावरा निळ्या गाडीतून बूट हातात घेऊन घामाघूम उतरला, तेव्हा पेशंट कठड्याला धरून हसत होता.

"डॉक्टर! तिकडे तुमची भाची फोनवर फोन करतेय!"

"सांग तिला, झाले बरे," बायको म्हणाली.

चावऱ्याने कपाळ पुसलं. धंद्याचा माणूस होता तो, दोघांची नजर गाड्यांकडे गेलेली पाहून त्याने तिथेच विचारून टाकलं, "मग... कोणती?"

"निळी," डॉक्टर म्हणाले. "पाठ चेपते ती."

"पिवळी," त्यांची बायको म्हणाली. तिने किल्ली अजून मुठीतच धरली होती.

चावऱ्याने एकदा डॉक्टरांकडे, एकदा काकूंकडे पाहिलं. डॉक्टरांनी बूट घालून नाडी बांधली, सावकाश सरळ झाले आणि पिवळीकडे गेले. सवयीने नव्हे, ठरवून, त्यांनी शेजारच्या सीटचं दार उघडलं. आधी एक पाय घातला, मग कंबर सोडली.

सुट्टीत मुलगी घरी आली तेव्हा दारात पिवळी गाडी बघून ती ओरडलीच. "बाबा! घेतलीत अखेर! कशी चालते?"

डॉक्टरांनी घरात वळून पाहिलं. बायको आतून गाडीची किल्ली बोटावर फिरवत येत होती.

"मला काय माहीत?" ते म्हणाले. "बसायला छान आहे."